लिहावे कसे आणि लिहीत राहावे कसे?



१९७४ सालची गोष्ट. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली होती. आलेल्या कथांमध्ये ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा होती आणि तिच्या लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. साहित्याच्या जगात हे नाव कोणाच्याच परिचयाचे नव्हते. कथा मात्र परीक्षकांना फार आवडली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. पुढे उलगडा झाला तेव्हा सर्वांनाच आश्चर्य वाटले. हे जगताप म्हणजे दुसरेतिसरे कोणी नसून प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत विष्णु नारळीकर होते! त्यांच्या नावाची आद्याक्षरे ज. वि. ना.; ती उलटी केली की होतात ना. वि. ज. त्यावरून त्यांनी हे टोपणनाव बेतले होते. हस्ताक्षरावरूनही कोणी ओळखू नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी लिहून काढली होती.

त्या वेळी नारळीकरांचे नाव घरोघरी पोचलेले होते. स्वतःच्या नावाने कथा पाठवली असती, तर ‘एवढ्या मोठ्या माणसाची कथा’ म्हणून तिचे कौतुक झाले असते. त्यांना ते नको होते. कथा कथा म्हणून कशी उतरली आहे, एवढेच त्यांना पाहायचे होते. एखाद्या प्रयोगात आपल्या इच्छेचा परिणाम निष्कर्षावर होऊ नये म्हणून शास्त्रज्ञ जशी खबरदारी घेतो, तशीच ही खबरदारी होती. पुढच्याच वर्षी, १९७५ साली, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी या नव्या प्रकारच्या कथेची आवर्जून दखल घेतली. त्यानंतर नारळीकर मराठीत लिहीत राहिले. २०२५ साली ते निवर्तले, तोवर त्यांच्या कथा वाचून मोठ्या झालेल्या वाचकांच्या दोन पिढ्या झाल्या होत्या.

या गोष्टीतून एक मुद्दा ध्यानात घ्या. वाचकापुढे लेखक उभा नसतो, त्याचा कागद असतो. लेखकाची पदवी, वय, गाव यांपैकी काहीही वाचकाला दिसत नाही. म्हणजे नामवंत शास्त्रज्ञ आणि नववीतला विद्यार्थी हे दोघेही कोऱ्या कागदापुढे सारखेच. मग या कागदावर चांगले उतरावे कसे? आणि एकदा सुरू केलेले लिहिणे अर्ध्यात सुटू नये म्हणून काय करावे? आज आपण याचाच विचार करू.

मोर नसलेला पाऊस

‘पण आम्हांला लिहिता येतच नाही,’ असे तुमच्यापैकी बरेचजण म्हणतील. मीही एके काळी असेच म्हणत असे. त्याला कारण घडले होते.

मी नववीत असताना आम्हांला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध होता. मी मोठ्या हौसेने चार पाने भरली. आकाशात काळ्याकुट्ट मेघांनी दाटी केली, मोर पिसारा फुलवून नाचू लागले, धरणीने हिरवा शालू नेसला, वगैरे वगैरे. गुरुजींनी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचला आणि मध्येच थांबून विचारले, “काय रे, तुमच्या आळीत मोर कधीपासून आले?” सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून मी परीक्षेपुरते सोडले, तर एक ओळही लिहिली नाही. अशी दोन वर्षे गेली.

अकरावीत भौतिकीच्या सरांनी आम्हां चौघांवर पर्जन्यमापक सांभाळायचे काम सोपवले. रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजायचे आणि वहीत नोंद करायची. वहीत तीन रकाने होते : दिनांक, पाऊस मिलिमीटरमध्ये आणि शेरा. शेऱ्यात पहिले काही दिवस मी ‘ढगाळ’ किंवा ‘निरभ्र’ एवढेच लिहीत असे. एकदा रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी मी लिहिले : ‘६१ मिमी. रात्रभर पत्रा वाजत होता. ओढ्यावरची फरशी पाण्याखाली. दूधवाला आला नाही. चहा कोरा.’ दुसऱ्या दिवशी वही भरायची पाळी माझ्या मित्राची होती. ते वाचून तो म्हणाला, “मग? दूधवाला पोचला का शेवटी?”

त्या प्रश्नाने मला जे शिकवले, ते त्या चार पानांनी शिकवले नव्हते. निबंधातला एकही शब्द माझा नव्हता. मोर उसना, शालूही उसना. शेऱ्यातल्या पाच ओळी मात्र माझ्या डोळ्यांनी पाहिलेल्या आणि कानांनी ऐकलेल्या होत्या. म्हणूनच वाचणाऱ्याला ‘पुढे काय?’ असे विचारावेसे वाटले. गुरुजींचे हसणे बोचरे होते, पण त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला तेव्हा कळले.

पहिली पायरी : पाहणे

चांगल्या लेखनाची सुरुवात लेखणीपासून होत नाही, ती डोळ्यांपासून होते. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे उदाहरण घ्या. १९३०च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम गावी त्यांनी सुगरण पक्ष्यांच्या एका वसाहतीचे निरीक्षण केले. सुगरणीची लोंबती घरटी आपण सर्वांनीच पाहिलेली असतात. ती पाहून ‘निसर्गाची अद्भुत कारागिरी!’ असे म्हणून आपण पुढे जातो. सालिम अली मात्र तिथेच थांबले. कोणता पक्षी काय करतो, केव्हा करतो, याची नोंद ते करीत राहिले. त्यातून एक मोठी गमतीची हकीगत हाती आली. घरटे विणतो तो नर. पण तो ते अर्धवट विणून थांबतो. मग माद्या येतात, घरट्यात शिरून तपासणी करतात. एखाद्या मादीला घरटे पसंत पडले, तरच नर ते पुरे करतो. आणि ती अंड्यांवर बसली की तो दुसरे घरटे विणायला घेतो!

आता सांगा, ‘अद्भुत कारागिरी’ या दोन शब्दांत ही हकीगत मावली असती का? विशेषणे अनेकदा न पाहिलेल्या गोष्टींवर झाकण घालतात. ‘सुंदर’, ‘विलोभनीय’, ‘भव्य’ असे शब्द लेखणीतून उतरू लागले, की समजावे, आपण पाहणे थांबवले आहे.

याच सालिम अलींनी आपल्या आत्मचरित्रात एक गोष्ट मोकळेपणाने कबूल केली आहे. त्यांच्या इंग्रजी लेखनाला वळण लावण्यात त्यांच्या पत्नी तेहमिना यांचा मोठा वाटा होता. एवढा मोठा शास्त्रज्ञही आपले लेखन दुसऱ्याला दाखवून सुधारून घेत असे. मग आपण का लाजावे?

दुसरी पायरी : फ्रँकलिनची युक्ती

बेंजामिन फ्रँकलिन हे नाव तुम्हांला विजेच्या पाठातून माहीत आहे. पतंग उडवणारा तोच हा फ्रँकलिन. पण त्याने आधी स्वतःवर जो प्रयोग केला, तो तुम्ही ऐकला नसेल.

फ्रँकलिन १७०६ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात जन्मला. वडील मेणबत्त्या आणि साबण तयार करीत. घरात मुले पुष्कळ आणि पैसा बेताचा, त्यामुळे दहाव्या वर्षीच त्याची शाळा सुटली. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला. एका मित्राशी त्याचा पत्रांतून वाद चालला होता. ती पत्रे वडिलांच्या हाती पडली. ती वाचून ते म्हणाले, तुझे शुद्धलेखन आणि विरामचिन्हे मित्रापेक्षा चांगली आहेत. पण मांडणी, ओघ आणि स्पष्टपणा यांत तू फार मागे आहेस. त्यांनी कागदावर बोट ठेवून उदाहरणेही दाखवली.

मुलगा रुसला नाही, त्याने उपाय शोधला. लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याच्या हाती आला. त्यातले निबंध त्याला फार आवडले. मग त्याने असे केले :

१. एक निबंध निवडायचा आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याचे दोन-तीन शब्दांत टाचण करायचे.

२. टाचण काही दिवस बाजूला ठेवायचे.

३. मग पुस्तक न उघडता, केवळ टाचणावरून, तो निबंध स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहायचा.

४. आपला निबंध मूळ निबंधाशी ताडून पाहायचा आणि चुका सुधारायच्या.

असे करताना आपला शब्दसंग्रह तोकडा आहे, हे त्याला दिसून आले. म्हणून तो गोष्टींचे पद्यात रूपांतर करू लागला. कारण वृत्तात शब्द बसवायचा तर एकाच अर्थाचे चार शब्द हुडकावे लागतात. काही काळाने त्या पद्याचे तो पुन्हा गद्य करी. कधी तो सगळी टाचणे पत्त्यांसारखी पिसून ठेवी आणि काही आठवड्यांनी ती योग्य क्रमाने लावायचा प्रयत्न करी. विचारांची मांडणी कशी करावी, हे त्याला त्यातून उमगले. हे सर्व तो कामावरून आल्यावर रात्री, पहाटे काम सुरू होण्याआधी किंवा रविवारी करीत असे. क्वचित एखाद्या बारीकशा जागी आपले वाक्य मूळ वाक्याहून सरस उतरले आहे, असेही त्याला वाटे. त्यातून त्याचा हुरूप वाढे.

तुम्ही म्हणाल, ही तर नक्कल झाली. पण नक्कल करणारा पुस्तक उघडे ठेवून उतरवून काढतो. फ्रँकलिन पुस्तक मिटून ठेवीत असे. आपल्या वाक्यात आणि मूळ वाक्यात जो फरक पडतो, त्या फरकाकडेच त्याचे लक्ष होते. प्रयोगशाळेत आपण वाचन घेतो, ते प्रमाण किंमतीशी ताडतो आणि चूक कोठे झाली ते शोधतो. फ्रँकलिनची पद्धत अगदी हीच आहे.

१७२२ साली, सोळा वर्षांच्या फ्रँकलिनने एका विधवा बाईच्या नावाने पत्र लिहिले आणि रात्री ते भावाच्या छापखान्याच्या दाराखालून आत सरकवले. भाऊ त्या वेळी एक वृत्तपत्र चालवीत होता. सकाळी भाऊ आणि त्याच्या मित्रांनी ते वाचले, वाखाणले आणि हे कोणी लिहिले असेल याविषयी तर्क केले. तर्कांत नावे आली ती सगळी शहरातल्या विद्वानांची! उमेदवारी करणारा पोरगा शेजारी खिळे जुळवीत ऐकत होता. अशी चौदा पत्रे छापून आली. नारळीकरांची युक्ती आणि फ्रँकलिनची युक्ती यांत अडीचशे वर्षांचे अंतर आहे. पण दोघांनाही हवे होते ते एकच : नावाचा विचार न करता झालेली पारख.

या लेखनकलेचा विज्ञानाला काय उपयोग झाला तेही पाहा. विजेवरचे आपले प्रयोग आणि कल्पना फ्रँकलिनने पत्रांतून लंडनच्या एका मित्राला कळवल्या. १७५१ साली ती पत्रे पुस्तकरूपाने निघाली. उंच लोखंडी गज उभारून ढगांतील वीज तपासता येईल, असे त्यात लिहिले होते. ते इतके स्पष्ट होते, की १७५२च्या मे महिन्यात फ्रान्समधील लोकांनी, फ्रँकलिनला न भेटता, केवळ वाचून तो प्रयोग केला आणि तो यशस्वी झाला. (हा प्रयोग अतिशय धोक्याचा आहे. १७५३ साली असाच प्रयोग करताना रशियात रिचमन हा शास्त्रज्ञ प्राणाला मुकला. तेव्हा तुम्ही तो मुळीच करायचा नाही.) समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाला आपल्या लेखनावरून नेमके काय करायचे ते कळावे, याहून स्पष्ट लेखनाची कसोटी कोणती?

तिसरी पायरी : नेमका शब्द

मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार म्हणून लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. १८१२ साली त्याला सर हंफ्री डेव्हींची चार व्याख्याने ऐकायला मिळाली. त्याने टिपणे घेतली, ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतः त्यांचे पुस्तक बांधले आणि ते डेव्हींकडे पाठवून दिले. पुढल्या वर्षी त्याला त्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. फॅरेडेचा विज्ञानात प्रवेश झाला तो वहीच्या बळावर, असे म्हटले तर चूक होणार नाही.

आपल्याला नीट व्यक्त होता येत नाही, याची फॅरेडेला जाणीव होती. म्हणून त्याने एका मित्राशी नियमाने पत्रव्यवहार ठेवला. विद्युत् अपघटनाचे प्रयोग करताना त्याच्या लक्षात आले, की जुने शब्द आपल्या नव्या कल्पनांना अपुरे पडतात. तेव्हा त्याने केंब्रिजचे भाषापंडित विल्यम ह्यूएल यांचा सल्ला घेतला. त्यांच्या मदतीने १८३४ साली ‘अॅनोड’, ‘कॅथोड’, ‘आयन’ हे शब्द रूढ झाले. आपण त्यांतल्या पहिल्या दोहोंना धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतो. शब्द नेमका नसेल तर विचारही अंधूक राहतो, हे फॅरेडेने ओळखले होते.

आणि हाच फॅरेडे मुलांशी बोलताना मात्र अवघड शब्दांच्या वाटेला जात नसे. १८६०-६१च्या नाताळात त्याने मुलांसाठी सहा व्याख्याने दिली. विषय काय, तर मेणबत्ती! मेण वर कसे चढते, ज्योत कोठे जास्त तापते, काजळी कोठून येते, जळताना पाणी कसे तयार होते, अशा प्रश्नांतून त्याने जवळजवळ सारे रसायनशास्त्र उलगडून दाखवले. त्या व्याख्यानांचे पुस्तक आजही वाचले जाते. लिहायला मोठा विषय लागत नाही. लहान विषय हाती घ्यावा, पण त्याच्या मुळापर्यंत जावे.

एक छोटे उदाहरण पाहा. एका विद्यार्थ्याने लिहिले : ‘मुंग्या अत्यंत शिस्तप्रिय व कष्टाळू असतात. त्यांच्यापासून मानवाने पुष्कळ शिकण्यासारखे आहे.’ त्याला म्हटले, अर्धा तास मुंग्यांच्या रांगेजवळ बस आणि मग लिही. त्याने लिहिले : ‘मी रांगेवर आडवे बोट फिरवले. पुढची मुंगी तिथे येऊन थांबली. मिशा हलवून ती उजवीकडे गेली, डावीकडे गेली, परत फिरली. मागून आलेल्या तिघीही तशाच घोटाळल्या. रांग पुन्हा लागायला चार मिनिटे लागली.’ दुसऱ्या उताऱ्यात ‘शिस्त’ हा शब्दच नाही. पण मुंग्या जमिनीवरच्या गंधाच्या मागावरून चालतात आणि बोटाने तो माग पुसला गेला, हे शोधून काढावे असे वाचणाऱ्याला वाटू लागते.

चौथी पायरी : आधी लिहा, मग सुधारा

पुष्कळजण पहिल्या वाक्यापाशीच अडतात. लिहायचे, खोडायचे, कागद चुरगळायचा. यावर चार्ल्स डार्विनचा उपाय ऐका. त्याने आत्मकथनात लिहिले आहे, की सुरुवातीला तो एकेक वाक्य विचार करकरून लिही. पण पुढे त्याने वेगळी रीत धरली. अक्षर कसेही येवो, शब्द अर्धेमुर्धे का असेनात, भराभर पाने लिहून काढायची आणि मग सावकाश दुरुस्त करायची. अशी घाईत लिहिलेली वाक्ये कित्येकदा विचारपूर्वक लिहिलेल्या वाक्यांहून चांगली असतात, असा त्याचा अनुभव होता.

लिहिणे आणि तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकाच वेळी करू नका. पहिला खर्डा कच्चाच असतो. तो दोन दिवस बाजूला ठेवा आणि मग मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे वाक्य लांबले आहे. जिथे जीभ अडखळते तिथे शब्दांचा क्रम चुकला आहे. आणि जिथे आपल्यालाच कंटाळा येतो, तो मजकूर काढूनच टाका.

विज्ञानकथा कशी सुचते?

विज्ञानकथेचे बीज एका शब्दात असते. तो शब्द म्हणजे ‘समजा’. निसर्गातली एकच गोष्ट बदला. बाकीचे सगळे नियम जसेच्या तसे ठेवा आणि काय घडते ते प्रामाणिकपणे पाहा.

समजा, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फरशीवरचे घर्षण अचानक शून्य झाले. एक मुलगी खोलीच्या मधोमध आहे. समोरच्या टेबलावर बर्नर पेटलेला आहे आणि त्याच्याजवळचा कागद धुमसू लागला आहे. तिला चालता येत नाही, कारण पाय मागे रेटायला घर्षणच नाही. बाहेरून कोणी मदतीला आले, तर तो घसरत भलतीकडेच जाईल. काय करावे? ती खाली बसते. तिला न्यूटनचा तिसरा नियम आठवतो. दप्तरातले एकेक पुस्तक ती बर्नरच्या विरुद्ध दिशेला जोराने फेकते आणि स्वतः हळूहळू टेबलाकडे सरकू लागते. पण आता थांबणार कशी? टेबलाला धडकली, तर टेबलही घसरेल आणि बर्नर पडेल. वेग कमी करायचा तर आता समोरच्या दिशेने काहीतरी फेकायला हवे. दप्तरात एकच वस्तू उरली आहे. ती आहे तिची कवितांची वही. आणि समोर आग आहे.

पाहा, नियम पाळला म्हणूनच कथा पुढे सरकली. ‘इतक्यात तिला एक जादूची दोरी सापडली’ असे लिहिले असते, तर कथा तिथेच मेली असती. आणि नुसता नियम असता, वही नसती, तर ते गणित झाले असते. कथेला दोन्ही लागतात : निसर्गाचा न वाकणारा नियम आणि काहीतरी गमावण्याची भीती असलेला माणूस. या कथेचा शेवट मी सांगत नाही. तो तुम्ही लिहा.

उत्साह कसा टिकवावा?

आता सर्वांत अवघड भाग. सुरुवातीचा हुरूप दहा-पंधरा दिवस टिकतो. मग परीक्षा येते, कंटाळा येतो, कोणीतरी नावे ठेवते आणि वही माळ्यावर जाते.

अँथनी ट्रोलप हा इंग्लंडमधला कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे. घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला अडीचशे शब्द लिहायचे, असा त्याचा नेम होता. बसल्यावर पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशी लिहिलेले वाचून काढी. साडेआठनंतर नोकरीचे काम. अशा रीतीने त्याने ४७ कादंबऱ्या लिहिल्या. तुम्ही तीन तास बसावे असे मी मुळीच म्हणत नाही. पंधरा मिनिटे पुरेत. पण वेळ ठरलेली हवी आणि जागाही ठरलेली हवी. ‘स्फूर्ती आल्यावर लिहीन’ असे म्हणणारा पर्जन्यमापक फक्त पावसातच पाहणाऱ्यासारखा असतो. शून्य मिलिमीटरचीही नोंद करावी लागते, तेव्हाच महिन्याचा हिशेब पुरा होतो.

आणखी एक युक्ती सांगतो. सगळे संपवून उठू नका. पुढचे वाक्य काय आहे हे माहीत असतानाच थांबा आणि त्याचे दोन शब्द टिपून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाची भीती वाटणार नाही.

काही वेळा मात्र खरोखरच अडते. फ्रेंच गणिती आंरी प्वाँकारे याने आपला अनुभव सांगितला आहे. पंधरा दिवस एका प्रश्नाशी झुंजल्यानंतर तो सहलीला गेला. कुतांस गावी बसच्या पायरीवर पाऊल ठेवताक्षणी, त्या विषयाचा विचारही मनात नसताना, त्याला महत्त्वाची कल्पना सुचली. पण त्यानेच बजावले आहे, की आधी कसून मेहनत झाली असेल तरच अशी कल्पना सुचते आणि सुचल्यावरही ती तपासून घ्यावी लागते. तेव्हा अडलात तर खुशाल फिरायला जा. मात्र आधी पंधरा दिवस झुंजा!

आणि लेखन परत आले तर? शरीरातील पेशी अन्नापासून ऊर्जा कशी मिळवतात, हे सांगणारे ‘क्रेब्ज चक्र’ वरच्या वर्गात तुम्ही शिकाल. हान्स क्रेब्ज यांनी १९३७ साली त्यासंबंधीचे टिपण ‘नेचर’ या प्रसिद्ध नियतकालिकाकडे पाठवले. संपादकांचे उत्तर आले, की आमच्याकडे पुढचे सात-आठ आठवडे पुरेल इतका मजकूर पडून आहे. क्रेब्ज यांनी तो लेख दुसऱ्या एका नियतकालिकात छापला. १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परत आलेला कागद नेहमीच वाईट असतो असे नाही, आणि तो नेहमीच चांगला असतो असेही नाही. त्याच्यात काय सुधारता येईल ते पाहावे, सुधारावे आणि पुन्हा पाठवावे. मला दोन वर्षे लागली ती हे कळायला. तुमची दोन वर्षे वाया जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

शिक्षकमित्रांनाही एक विनंती. विद्यार्थ्याच्या वहीतला मोर जरूर उडवून लावा. पण जाता जाता ‘मग तुझ्या आळीत काय दिसले?’ एवढे विचारा. त्या एका प्रश्नाने एखादा लेखक वाचेल.

करून पाहा

१. आठ दिवस रोज ठरावीक वेळी खिडकीतून दहा मिनिटे बाहेर पाहा आणि पाच ओळी लिहा. एकही विशेषण वापरायचे नाही.

२. आवडत्या पुस्तकातील एक उतारा घेऊन फ्रँकलिनचा प्रयोग करा. टाचण आणि लेखन यांत निदान तीन दिवसांचे अंतर ठेवा.

३. सायकलचा पंक्चर कसा काढतात किंवा भाकरी कशी थापतात, हे लिहा. मग ज्याला ते येत नाही अशा मित्राला केवळ तुमचे लेखन वाचून ते काम करू द्या. तो जिथे चुकेल, तिथे तुमचे वाक्य सुधारा.

४. ‘समजा’ने सुरू होणारी दहा वाक्ये लिहा. त्यांतले सर्वांत वेडगळ वाक्य निवडा आणि त्याची कथा करा.

५. शेवटी, एक वही घ्या आणि तिच्यात तीन रकाने आखा : दिनांक, किती ओळी लिहिल्या आणि शेरा. एखाद्या दिवशी काहीच लिहिले नाही, तर शून्य मांडा. पण शेऱ्याचा रकाना रिकामा सोडू नका. कोणी सांगावे, तुमचे खरे लेखन त्याच रकान्यात सुरू व्हायचे असेल.